सकाळी चारदा संडास, पोटात मुरडा आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल: खाण्यापिण्यानं काय होतं, काय होत नाही

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजलो. वय चौतीस, दारव्ह्याकडं गावी शेती. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात जोराची हगवण लागली, ती थांबली, पण पोट पहिल्यासारखं झालंच नाही. सकाळी उठल्यावर तासाभरात तीन-चारदा संडास, आधी बेंबीखाली मुरडा, जाऊन आलं की तेवढ्यापुरता आराम. कधी चिकट पडतं, दुपारनंतर पोट टम्म फुगतं. दुर्बिणीची तपासणी नॉर्मल निघाली आणि डॉक्टरांनी 'आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळवं झालेलं आतडं) आहे, टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगितलं. तेव्हापासून तुम्ही तिखट बंद केलं, तेल बंद केलं. आता रोज गव्हाची पोळी, मोड आलेली मटकी, रात्री दुधात मध आणि झोपताना 'पोट साफ' होण्याचं चूर्ण घेता. तरी फरक नाही. आणि विचारता, गोळ्या न खाता आहारानं आणि घरगुती उपायांनी हे कायमचं बरं होईल का.

'कायमचं' हा शब्द मी कोणत्याच पेशंटला देत नाही. आटोक्यात मात्र बहुतेकांचं येतं, इतकं की महिनामहिना पोटाची आठवण होत नाही. तुमच्या बाबतीत खरी अडचण तुम्ही लिहिलेल्या यादीतच दिसते. गव्हाची पोळी, मटकी, दूध, मध ही चारही चांगल्या माणसासाठी पौष्टिक. पण अशा पोटात सर्वांत जास्त गॅस धरणाऱ्या वस्तू नेमक्या ह्याच. वर दिवसातून चारदा जाणारा माणूस रात्री जुलाबाचं चूर्ण घेतोय. पथ्य तुम्ही मनापासून पाळलं, पण उलट्या दिशेनं.

आधी हा आजार काय आहे ते. आतड्याला जखम नाही, सूज नाही, म्हणून दुर्बिणीत काही दिसत नाही. बिघाड आहे तो आतड्याच्या हालचालीत आणि तिथल्या नसांच्या संवेदनेत. जेवढा गॅस तुमच्या भावाला जाणवतसुद्धा नाही, तेवढ्याच गॅसनं तुम्हाला मुरडा येतो. दुखणं खरं असतं, मनाचा खेळ नसतो. जोराच्या हगवणीनंतर काही जणांच्या आतड्याच्या नसा अशा हळव्या होऊन राहतात, हे चांगलं माहीत असलेलं कारण आहे आणि तुमची कहाणी त्यात बसते. डॉक्टर ज्या रोम निकषांवर निदान करतात, त्यांची 2016 ची आवृत्ती सांगते: गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी पोटदुखी, त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले, आणि ती दुखी संडासला जाण्याशी, संडासच्या संख्येतल्या बदलाशी आणि घट्ट-पातळपणातल्या बदलाशी, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टींशी जोडलेली हवी. हा आजार पुढे कॅन्सरमध्ये बदलत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात तीच भीती असते आणि ते विचारत नाहीत.

आता कशावर अवलंबून आहे ते. वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रक्त पडत असेल, रक्त कमी झालं असेल, पोटात गोळा लागत असेल किंवा रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागत असेल, तर माझं पुढचं काहीही वाचू नका आणि सरळ सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जा. आपल्याकडं आतड्याचा टीबी अजून आहे आणि तो सुरुवातीला असाच वागतो. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदा त्रास सुरू झाला असेल तरीही तेच. तुमची दुर्बीण झालेली आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉईड आणि संडासची साधी तपासणी झाली नसेल तर ग्रामीण रुग्णालयात करून घ्या. थायरॉईड वाढलेलं असलं तरी संडास वारंवार होते, आणि जिआर्डिया नावाचा जंतू महिनोन्‌महिने पोट फुगवत राहतो.

आणखी एक तपासणी आहे, जी बहुतेक जण विसरतात: टीटीजी आयजीए नावाची रक्ताची तपासणी. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळं होणारा सिलिअॅक आजार त्यातून कळतो. ती गहू खात असतानाच करायची. महिनाभर गहू सोडून मग रक्त दिलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून मी खाली गहू बंद करायला सांगणार आहे, पण रक्त देऊन झाल्यावर.

शेतकऱ्यांना मी अजून एक विचारतो: मुरडा आणि पातळ संडास फवारणीच्या दिवशीच वाढते का? सोबत घाम, लाळ, डोळ्यांपुढं धूसर असं काही? काही कीटकनाशकं नेमकी अशीच लक्षणं देतात. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते विसरायला नको. तसं असेल तर तो आयबीएस नाही, तिथं पथ्यपाण्याचा काही संबंध नाही, तडक दवाखाना गाठायचा.

हे सगळं निस्तरलं असं धरून पुढं जाऊ.

पहिलं काम, चूर्ण बंद. पाकीट उलटं करून वाचा. 'पोट साफ' करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला ढकलून संडास करवते, आणि ढकलताना मुरडा आणते. बद्धकोष्ठाच्या माणसालासुद्धा मी ती रोज देत नाही. तुमचं म्हणणं असतं की चारदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. ते 'न झाल्यासारखं वाटणं' हाच या आजाराचा भाग आहे. आत काही उरलेलं नसतं, नसा खोटी वर्दी देत असतात. चूर्ण सोडल्यावर काही दिवस चुकल्या-चुकल्यासारखं होईल, होऊ द्या.

दुसरं, पोळीच्या जागी भाकर. गव्हात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. माणसाच्या लहान आतड्यात ती तोडायला पाचकरसच नाही, कोणाच्याच नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिला आंबवतात, गॅस होतो आणि सोबत पाणी ओढलं जातं. ज्वारी आणि तांदूळ या बाबतीत सौम्य आहेत. गंमत बघा, आपले आजे दोन्ही वेळ ज्वारीची भाकरच खात होते. मग वावरातून ज्वारी गेली, रानडुकरं आणि पाखरांच्या त्रासानं कोणी पेरेना, सोयाबीन आलं, आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ आला. आता ज्वारी विकत आणायची म्हणजे खिशाला लागते, हे मला कळतं. म्हणून सहा महिन्यांचं नाही, फक्त महिनाभराचं दळण आणा. निव्वळ ज्वारीचं. उडीद घातलेला कळणा सध्या नको.

तिसरी गोष्ट लोकांना सर्वांत जड जाते: कांदा आणि लसूण. दोन्हीत फ्रुक्टन भरपूर. तर्री पोहा खाल्ला आणि पोट बिघडलं की आपण मिरचीला शिव्या देतो. मिरची अगदीच निर्दोष नाही, हळव्या आतड्याला ती झोंबते, पण त्या तर्रीत वाटलेला कांदा-लसूण किती असतो ते सावजी करणाऱ्याला विचारा. भरितासोबत मुळासकट खाल्लेला पातीचा कांदा, झुणक्यावर फोडलेला कांदा, लसणाचा ठेचा, सगळं ह्याच हिशेबात. तुम्ही तिखट सोडलं आणि कांदा ठेवला, म्हणून फरक पडला नसावा.

चव मात्र पूर्ण घालवायची गरज नाही. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. म्हणून कढईत आधी नुसतं तेल तापवा, त्यात चार-पाच लसणाच्या पाकळ्या अख्ख्या टाका, कडा तांबूस व्हायला लागल्या की झाऱ्यानं सगळ्या उचलून बाजूला काढा, आणि मग त्याच तेलात जिरं, हिंग, हळद घालून भाजी फोडणीला टाका. वास लसणाचा राहतो, लसूण जात नाही. पाकळ्या पाणी घालायच्या आधी निघाल्या पाहिजेत. रश्शात शिजवून मग वेचून टाकण्यात काही अर्थ नाही, कारण जे उतरायचं ते रश्शात उतरलेलं असतं. पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. सांभार (कोथिंबीर), आलं, लिंबू, टमाटर बिनधास्त. हिंगाबद्दल एक: डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो. चिमूटभरानं आयबीएसला फरक पडत नाही, पण सिलिअॅक निघाला तर तो हिंगही बदलावा लागेल.

आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या माउलीचा विचार करा. तुमच्यासाठी वेगळी भाजी रोज कोण करणार? कांदा घालायच्या आधी तुमची वाटी काढून घ्यायची, एवढी सोय बहुतेक भाज्यांत जमते.

डाळीचं गणित प्रमाणावर चालतं. तूर, हरभरा, मटकी, बरबटी, वाटाणा, पूर्व विदर्भातली लाखोळी, सगळ्यांत गॅलॅक्टन नावाची दुसरी साखळी असते. वरणाशिवाय आपलं जेवण होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. डाळ रात्री भिजवा, ते पाणी फेका, धुऊन नव्या पाण्यात शिजवा. त्या पाण्यासोबत ह्या साखरेचा बराच भाग जातो. पातळ वरण एक लहान वाटी, तेही शक्यतो सालं काढलेल्या मुगाचं. मटकीची उसळ, पाटवडी, झुणका, गोळाभात महिनाभर थांबवा. सोयाबीनचं तेल चालतं, सोयावडी चालत नाही. अंडी, मासे, कोंबडी खात असाल तर त्यात असली कोणतीच साखर नसते, प्रश्न फक्त मसाल्याचा आणि तेलाच्या तवंगाचा. खूप तेलकट खाल्लं की मोठं आतडं जोरात आकसतं, म्हणून तेल कमी ठेवणं बरोबरच आहे, पण तुमच्यासारखं पूर्ण बंद करू नका.

दूध दोन आठवडे पूर्ण बंद करून बघा. आपल्याकडं बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि लहानपणापासून पीत आलो म्हणून त्यांना संशयही येत नाही. मध तर तुम्ही औषध म्हणून घेताय, पण त्यात फ्रुक्टोज जास्त असतं, पिकल्या आंब्यातही. ताक वेगळं. विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते आणि ताकात दही थोडं, पाणी जास्त. चरकसंहितेत ग्रहणीच्या रोग्याला ताकाची शिफारस आहे, आणि माझे आयुर्वेदाचे मित्र आयबीएसला ग्रहणीच्या जवळचा मानतात. दुपारच्या जेवणात वाटीभर ताजं, पातळ, भाजलेल्या जिऱ्याचं ताक मी बहुतेकांना देतो. आंबट झालेलं नको. फळांत संत्रं एक वेळी एक, पपई, घट्टसर केळ. सफरचंद, टरबूज सध्या राहू द्या.

चहा आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचा). तुम्ही खर्ऱ्याबद्दल लिहिलं नाही, पण आपल्या भागात न विचारता धरून चालावं लागतं. पहाटे उपाशीपोटी चहा, त्यावर खर्रा, आणि मग तासाभरात तीनदा संडास, हा क्रम मी इतक्यांदा ऐकलाय की पेशंटनं पहिलं वाक्य बोललं की दुसरं मीच बोलतो. सकाळी आतड्याची हालचाल मुळातच जोरात असते. चहातलं कॅफीन, तंबाखू आणि सुपारी तिला आणखी हाकतात. चहा दिवसाला तीन कपांच्या आत, आणि पहिला काहीतरी खाल्ल्यावर. खर्रा सोडायची कारणं पोटापेक्षा मोठी आहेत, ती तुम्हालाही माहीत आहेत.

ही जी पद्धत सांगितली, ती मी शोधलेली नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी ती घडवली, आतड्यात न पचता आंबणाऱ्या अशा साखरांना फॉडमॅप हे नाव 2005 मध्ये मिळालं. साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त लोकांना तिचा चांगला फायदा होतो, म्हणजे काहींना होत नाही. चार आठवड्यांत, फार तर सहा, काहीच फरक दिसला नाही तर ती सोडून द्यायची. आणि फरक दिसला तरी तिथंच थांबायचं नाही. इथं लोक हमखास घसरतात. बरं वाटलं की गहू, डाळ, कांदा सगळं आयुष्यभर बंद, आणि वर्षभरात माणूस वाळतो. बंदी ही फक्त चाचणी असते. नंतर एकेक वस्तू परत आणायची: पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, मग तीन दिवस थांबून पुढची वस्तू. एका आठवड्यात एकच. पोरांच्या शाळेची जुनी वही घ्या, एका बाजूला काय खाल्लं, दुसऱ्या बाजूला संडास किती वेळा, कशी, मुरडा किती. बहुतेकांचे गुन्हेगार दोन-तीनच निघतात, बाकी सगळं ताटात परत येतं. तुरीचं वरण पचतं पण कच्चा कांदा नाही, असा निकाल मी नेहमी बघतो.

आता 'नैसर्गिक उपाय'. माझा पहिला भरवसा इसबगोलावर. पातळ संडासला त्याचा काय उपयोग, असं लोक विचारतात. इसबगोलाची भुशी पाणी धरून ठेवते, त्यामुळं पातळ मल बांधला जातो आणि कडक मल मऊ होतो, ती दोन्हीकडं कामाची. अर्ध्या चमच्यानं सुरू करा, आठवड्यानं एक चमचा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, घट्ट होऊ देऊ नका, वर आणखी पाणी. दुसरं औषध चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. गव्हाचा कोंडा हा याला पर्याय नाही, उलट तो पोट फुगवतो. फुगारा जास्त असेल तर जवस भाजून, कुटून रोज एक चमचा. आपली जवसाची चटणी त्यासाठी आहेच, फक्त लसूण न घालता करा.

पुदिन्याच्या जातीच्या पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, ज्यांचं आवरण आतड्यात जाऊन विरघळतं. आतड्याचा स्नायू सैल पडून मुरडा कमी होतो. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2021 च्या मार्गदर्शनात विरघळणारा चोथा, म्हणजे इसबगोलासारखा, आणि पेपरमिंट या दोन्हींची बाजू घेतली आहे. पुदिन्याच्या चटणीत ती ताकद नाही, चटणी चवीसाठी खा. छातीत जळजळ असणाऱ्यांनी कॅप्सूल जपून घ्यावी.

बेलाबद्दल विचारलंत. अर्धकच्च्या बेलाचा गर संडास बांधतो, पिकलेलं बेल उलट मोकळी करतं, हे जुन्या लोकांचं ज्ञान आहे. तुमच्यासारख्याला कच्च्या गराचं चूर्ण वैद्याला विचारून काही आठवडे घ्यायला माझी हरकत नाही. मुरंब्यात साखर फार. ओवा-जिऱ्याचं कोमट पाणी जेवणानंतर घ्या, तात्पुरतं बरं वाटतं, नुकसान नाही. कुड्याची साल हगवणीवर फार जुनी आहे, पण जंगलातून कोणी आणून दिलेली साल उकळून रोज पिणं मला मान्य नाही. बाजाराच्या दिवशी मिळणारी बिननावाची पुडी तर अजिबात नको. त्यात कधी स्टेरॉइड असतं, कधी धातू, आणि आठ दिवस बरं वाटतं ते त्याच्यामुळं. ह्यातलं काहीही घ्या, पण एका वेळी एकच. पाच उपाय एकदम सुरू केले तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं हे तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही.

शेवटी एसटीचं. तुम्ही लिहिलंत की यवतमाळला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात कालवाकालव होते. मेंदू आणि आतड्यात सतत निरोप चालू असतात. रस्त्यात संडास मिळणार नाही ही भीती रास्त आहे, मिळतच नाही, आणि ती भीतीच आतड्याला पळवते. प्रवासाच्या आदल्या रात्री ज्वारी-भात-ताक एवढंच हलकं जेवा, सकाळी तासभर लवकर उठा, चहा पोचल्यावर प्या. अगदीच अडचणीच्या दिवशी, ताप किंवा रक्त नसेल तर, लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवा. खिशात ती आहे एवढ्यानंच काहींना ती घ्यावी लागत नाही. आणि एवढं सगळं करूनही मुरडा राहिलाच, तर अमिट्रिप्टिलिन नावाची गोळी 10 मिलिग्रॅमसारख्या छोट्या डोसपासून देता येते. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या साध्या दवाखान्यांतल्या पेशंटवर झालेल्या मोठ्या अभ्यासात तिचा फायदा दिसला. पाकिटावर किंवा गूगलवर ती मनाच्या आजाराची गोळी म्हणून दिसेल आणि घरचे घाबरतील. इतक्या छोट्या डोसला ती आतड्याच्या नसा शांत करायला देतात. तुम्हाला गोळ्या नको आहेत, ठीक आहे, आधी वहीचे चार आठवडे होऊ द्या. टीटीजीचा रिपोर्ट आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा, म्हणजे 'टेन्शन घेऊ नका' याच्या पुढं बोलणं जाईल.